अनामिकाची वाणी : 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीची नाट्य व चित्रपट रूपांतरे

लंडनमधील इंग्लिश ऑपेरा हाउस ह्या नाट्यगृहात २८ जुलै १८२३ रोजी एका नव्या संगीतप्रधान नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटकाचे नाव 'प्रिझम्प्शन, ऑर द फेट ऑफ फ्रँकेन्स्टाइन'. मराठीत सांगावयाचे तर 'धार्ष्ट्य, अथवा फ्रँकेन्स्टाइनची गती'. नाटककार होता रिचर्ड ब्रिन्स्ली पीक. प्रयोगाच्या जाहिरातपत्रकावर पात्रे व नट ह्यांची यादी छापलेली होती. तीत एका ठिकाणी पात्राचे नावच नव्हते. नावाच्या जागी नुसती एक आडवी रेघ ओढलेली होती आणि तिच्यासमोर टी. पी. कुक ह्या नटाचे नाव होते. महिनाभराने, २९ ऑगस्ट रोजी, मूळ कादंबरीची लेखिका मेरी शेली ही आपले वडील विल्यम गॉडविन ह्यांच्यासमवेत प्रयोगास गेली. पुढे ली हंट ह्यास लिहिलेल्या पत्रात, ज्याला नाव देता येत नाही त्याला नाव देण्याची ही रीत बरीच चांगली आहे, अशा आशयाचा उल्लेख तिने केला.

नाव नसणे हे कादंबरीला धरूनच होते. परंतु त्या रात्री रंगभूमीवर आलेल्या पात्राजवळ नावाखेरीज आणखी एक गोष्ट नव्हती, आणि ती मात्र कादंबरीत विपुल होती. ते पात्र मुके होते. शवांच्या अवयवांतून घडविलेला, निर्मात्याने टाकून दिलेला हा जीव कादंबरीत सलग सहा प्रकरणे स्वतःच्या मुखाने बोलतो. त्याच्याइतका युक्तिवादपटु वक्ता त्या कादंबरीत दुसरा नाही. रंगभूमीने त्याची वाणी काढून घेतली, आणि गेल्या दोनशे वर्षांतील नाटके व चित्रपट ह्यांनी ती केव्हा थोडीथोडी परत केली, केव्हा पुन्हा हिरावली. कोणते रूपांतर मूळाशी किती प्रामाणिक, हा वाद येथे गौण आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : एखाद्याची भाषा काढून घेतली म्हणजे त्याच्या कथेचा अर्थ कसा पालटतो, आणि तो पालटलेला अर्थ पुढे कोण कशासाठी वापरतो?

प्रारंभी शब्दयोजनेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीत ह्या पात्रास बहुधा 'मॉन्स्टर' म्हणतात व मराठीत त्यासाठी 'राक्षस' हा शब्द रूढ आहे. कादंबरीत असले शब्द येतात ते मुख्यतः त्याचा निर्माता व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन ह्याच्या तोंडी; म्हणजे ते एका पक्षाचे शब्द आहेत. ह्या लेखात त्यास केवळ 'जीव' असे म्हटले आहे.

मेरी शेलीने ही कादंबरी १८१६ च्या उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराच्या काठी लिहावयास घेतली, तेव्हा तिचे वय अठरा वर्षांचे होते. १ जानेवारी १८१८ रोजी ती तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय, प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या प्रती ५०० होत्या. ब्रायन ऑल्डिस ह्या इंग्रज लेखकाने १९७३ साली विज्ञानकथेचा इतिहास लिहिताना ह्या वाङ्मयप्रकाराचा आरंभ येथूनच मानला, आणि त्यानंतर हे मत बहुतेकांनी स्वीकारले आहे. कादंबरीची रचना पेटीत पेटी ठेवावी तशी आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन हा नौकाधिपती बहिणीस पत्रे लिहितो. त्या पत्रांत व्हिक्टरने सांगितलेली हकीकत येते. आणि त्या हकीकतीच्या गाभ्यात जीवाने स्वतः सांगितलेली आत्मकथा येते. म्हणजे वाचकाच्या कानी पडणारी जीवाची वाणी आधी व्हिक्टरच्या व मग वॉल्टनच्या वाणीतून गाळून आलेली असते. इतकेच नव्हे, वॉल्टनने केलेली टिपणे व्हिक्टर स्वतः तपासतो, दुरुस्त करतो व त्यांत भर घालतो, असेही लेखिका सांगते.

ह्या आत्मकथेचा मोठा भाग भाषा शिकण्याच्या वृत्तान्ताने व्यापलेला आहे. जर्मनीतील एका झोपडीस लागून असलेल्या खोपटात जीव लपून राहतो. झोपडीत द लेसी नावाचा आंधळा वृद्ध, त्याचा मुलगा फेलिक्स व मुलगी अ‍ॅगाथा राहतात; पॅरिसमधून हद्दपार झालेले हे फ्रेंच कुटुंब. फटीतून पाहता पाहता जीवाच्या ध्यानात येते की ही माणसे काही ध्वनी उच्चारतात आणि त्या ध्वनींमुळे ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर हर्ष वा विषाद उमटतो. आरंभी त्याला काहीच उमगत नाही, कारण उच्चार जलद आहेत आणि शब्द व दृश्य वस्तू ह्यांचा संबंध दिसत नाही. पुष्कळ दिवसांनी विस्तव, दूध, भाकर, लाकूड एवढे शब्द हाती लागतात. मग त्या माणसांची नावे. 'चांगला', 'प्रिय', 'दुःखी' असले शब्द ओळखू येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही.

भारतीय शास्त्रपरंपरेशी परिचय असलेल्या वाचकास येथे वृद्धव्यवहाराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. उत्तम वृद्ध मध्यम वृद्धास 'गामानय' म्हणतो, मध्यम वृद्ध गाय आणतो, आणि बाजूस बसलेले बालक ते ऐकून व पाहून, पुढे 'अश्वमानय', 'गां बधान' अशा वाक्यांतील पदांच्या आवापोद्वापाने, एकेका पदाची शक्ती जाणते. मीमांसकांनी वर्णिलेली ही प्रक्रिया मेरी शेलीस ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तिच्यासमोर लॉक व रूसो ह्यांचे विचार होते. तथापि तिने रंगविलेला शिष्य नेमका असा आहे : कोणीही न शिकविता, दुसऱ्यांच्या संभाषणातून, केवळ साक्षी राहून शिकणारा. भेद इतकाच की मीमांसकांचे बालक घरातले आहे आणि हा शिष्य भिंतीपलीकडचा आहे. पुढे साफी ही अरब तरुणी त्या घरी येते, फेलिक्स तिला व्होल्नीच्या साम्राज्यनाशविषयक ग्रंथावरून फ्रेंच शिकवितो, आणि तोच धडा भिंतीआडचा जीवही गिरवितो. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची कहाणी ऐकून साफीबरोबर तोही रडतो. नंतर रानात सापडलेल्या पेटीतून मिल्टनचे महाकाव्य, प्लुटार्कची चरित्रे व गटेचा 'वेर्थर' ही पुस्तके त्याला मिळतात.

ह्या विद्येचा उपयोग तो कशासाठी करणार, हे लेखिकेने फार काळजीपूर्वक योजले आहे. आपले रूप भयंकर आहे हे पाण्यातील प्रतिबिंबावरून त्याला कळलेले असते. म्हणून घरात आंधळा वृद्ध एकटाच असताना तो दार ठोठावतो. वृद्ध त्याचे बोलणे ऐकतो आणि भाषेवरून तो आपला देशबांधव असावा असा तर्क करतो. काही क्षणांपुरती भाषेने त्याला माणसांत जागा मिळवून दिलेली असते. इतक्यात डोळस माणसे परत येतात, आणि फेलिक्स त्याला काठीने झोडपतो. हिमनदीवर व्हिक्टरची गाठ पडते तेव्हाही हेच तत्त्व दिसते. 'माझ्या दृष्टीआड हो' असे व्हिक्टर म्हणतो, तेव्हा जीव आपले हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर ठेवतो : पाहू नकोस, पण ऐक. सारांश, ही कादंबरी कानासाठी रचलेली आहे. वाचकाला जीव दिसत नाही, म्हणूनच त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेता येते. रंगभूमी व पडदा ह्यांचे काम मात्र दाखविणे. पीकच्या नाटकापासून पुढच्या प्रत्येक रूपांतरकर्त्यापुढे हा पेच उभा राहिला.

पीकने पात्र मुके का केले, ह्याचे एक कारण कायद्यात सापडते. लंडनमध्ये गद्य संवादनाट्याचा अधिकार ड्रुरी लेन व कॉव्हेन्ट गार्डन ह्या राजपत्रधारी नाट्यगृहांच्या हाती होता. १८४३ च्या कायद्याने तो मोडला. इतर नाट्यगृहांनी संगीत, नृत्य व मूकाभिनय ह्यांच्या आश्रयाने खेळ करावेत अशी रीत होती. परंतु ह्या कारणाने सगळे उलगडत नाही, कारण पीकच्या नाटकात बाकीची पात्रे बोलतात व गातातही. दुसरे कारण मेलोड्रामाच्या संकेतात आहे. टॉमस हॉलक्रॉफ्टच्या १८०२ मधील 'अ टेल ऑफ मिस्टरी' ह्या नाटकापासून मुका मनुष्य हे इंग्रजी मेलोड्रामाचे ठरीव पात्र झाले होते. तेथील मुका फ्रान्सिस्को हा सज्जन व पीडित आहे. शब्द खोटे बोलू शकतात, हावभाव खोटे बोलत नाहीत, असा त्या नाट्यप्रकाराचा गृहीत सिद्धान्त होता. कुकचा मुका जीव म्हणूनच केवळ भयप्रद नव्हता. नाटकात तो प्रथमच संगीत ऐकतो आणि हवेतले सूर हाताने पकडू पाहतो. मेरी शेलीने आपल्या पत्रात कुकच्या अभिनयाची वाखाणणी करताना ऐकू येणारे ध्वनी धरण्याच्या ह्याच प्रयत्नाचा उल्लेख केला आहे. पुष्कळ पृष्ठांतील भाषाशिक्षणाचे सार एका हस्तक्रियेत आणण्याची ही युक्ती, निःसंशय, थोर नटाची होती. तिची मर्यादा मात्र उघड आहे : सूर पकडू पाहणाऱ्याची कीव येते, त्याचा युक्तिवाद मात्र ऐकावा लागत नाही.

नाटक गाजले. त्याच वर्षी गॉडविनने कादंबरीची दुसरी आवृत्ती काढविली आणि तीवर लेखिकेचे नाव प्रथम छापले गेले. नाटकाच्या उत्पन्नातून तिला काही मिळण्याचा प्रश्न नव्हता. कादंबरीचे नाटक करण्यास लेखकाची अनुमती लागते असा कायदा तेव्हा नव्हता.

मुक्या जीवाची कीव किती लवकर आटते, हे आठ महिन्यांतच दिसून आले. १६ मार्च १८२४ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या स्थितीवर चर्चा चालू होती. परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग ह्याने तत्काळ मुक्तीस विरोध करताना, अलीकडच्या एका अद्भुत कादंबरीचा, नाव न घेता, दाखला दिला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की ज्याचे शरीर व शक्ती प्रौढ पुरुषाची पण बुद्धी बालकाची, अशा माणसास एकदम मोकळे करणे म्हणजे त्या कादंबरीतल्यासारखा प्राणी निर्माण करणे होय. निर्मात्याने त्याला बळ दिले, पण बऱ्यावाइटाची जाण देता आली नाही, आणि मग स्वतःच्याच कृतीपुढे तो थरकापला. कॅनिंगने वर्णिलेला हा जीव शोधू गेल्यास कादंबरीत सापडत नाही. तेथला जीव प्लुटार्क वाचतो, न्यायान्यायाची चर्चा करतो आणि निर्मात्यापुढे कराराच्या अटी मांडतो. शरीराने पुरुष व बुद्धीने बालक असा जीव होता तो इंग्लिश ऑपेरा हाउसच्या रंगभूमीवर. ज्या पुस्तकात जीवाने गोऱ्यांनी उद्‌ध्वस्त केलेल्या लोकांसाठी अश्रू ढाळले, त्याच पुस्तकाचा दाखला गुलामांच्या मुक्तीविरुद्ध देता आला, ह्याचे श्रेय अथवा दोष बऱ्याच अंशी त्याच्या मुकेपणाकडे जातो. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करणारा कायदा व्हावयास त्यानंतर नऊ वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकातील पुढील नाटकांचा विस्तार करण्याचे कारण नाही. १८२६ मध्ये हेन्री मिल्नरचे नाटक आले, त्याच वर्षी कुकने पॅरिसमध्ये फ्रेंच रूपांतरात हीच भूमिका केली, आणि ह्या दोन्ही नाटकांत जीव मुकाच राहिला. १९१० साली एडिसनच्या कंपनीने जे. सर्ल डॉली ह्याच्या दिग्दर्शनाखाली पहिला चित्रपट काढला. त्यात चार्ल्स ओगलने जीवाची भूमिका केली. हा मूकपट असल्याने तेथे निर्माता व निर्मित दोघेही सारखेच मुके झाले. वाणीच्या बाबतीत समता आली ती अशा रीतीने. पुतळा जाळून ते दृश्य उलट्या क्रमाने दाखविल्यामुळे ज्वाळांतून जीव आकारास येतो, आणि शेवटी तो आरशात शिरून नाहीसा होतो.

आता नावाचा प्रश्न. 'फ्रँकेन्स्टाइन' हे निर्मात्याचे आडनाव जीवास लावण्याची प्रवृत्ती एकोणिसाव्या शतकातच दिसू लागली होती. जनकाचे नाव जन्यास देणे ही आलंकारिकांनी सांगितलेली कार्यकारणसंबंधमूलक लक्षणाच आहे. 'आयुर्घृतम्' ह्यात जसे कार्यवाचक पद कारणास लावले जाते, तसेच येथे उलट दिशेने होते. तिला अज्ञानमूलक चूक म्हणून हिणविण्याची प्रथा आहे, पण ती सर्वस्वी न्याय्य नव्हे. मुलाने बापाचे नाव लावावे ह्यात अयोग्य ते काय? पेगी वेबलिंगच्या १९२७ मधील नाटकात तर निर्माता जीवास स्वतःचेच नाव देतो, त्यामुळे तेथे ही लक्षणा कथेचा भाग होऊन बसली. मराठी लेखनात ह्या इंग्रजी संकेताच्या जागी पुष्कळदा 'भस्मासुर' हा शब्द वापरतात. निर्मात्यावर उलटणे हा समान धर्म त्यात साधतो. तथापि भस्मासुराला शंकराने निर्माण केले नव्हते, वर दिला होता, आणि तोही त्याने मागितल्यावर. जन्म मागून न घेता मिळाला ही जीवाची मूळ तक्रार त्या प्रतिशब्दात लोपते.

वेबलिंगच्या नाटकाचा अमेरिकेसाठी जॉन बॉल्डरस्टनने नवा पाठ तयार केला आणि तो युनिव्हर्सल कंपनीने विकत घेतला. त्यातूनच १९३१ चा जेम्स व्हेल दिग्दर्शित बोलपट निघाला. म्हणजे ज्या चित्रपटाने जगभरातील लोकांच्या मनातील जीवाचे चित्र ठरविले, तो थेट कादंबरीवरून न येता नाटकाच्या नाटकावरून आला होता. श्रेयनामावलीत 'मॉन्स्टर' ह्या पात्रापुढे नटाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह दाखविले होते. १८२३ ची रेघ पात्राचे नाव झाकीत होती; हे प्रश्नचिन्ह नटाचे नाव झाकते. तो नट बोरिस कार्लॉफ. जॅक पिअर्सने केलेली त्याची रंगभूषा इतकी प्रभावी होती की पुढील कित्येक वर्षे दुसरे रूप कोणास सुचेना.

बोलपट येऊन चारच वर्षे झाली होती; पडद्यावर माणसे बोलतात ह्याचेच अप्रूप होते. अशा काळात मुख्य पात्र हुंकारांखेरीज काहीही उच्चारीत नाही, हा निर्णय विलक्षण होता. त्याला जोडून कथेत एक नवी गोष्ट घातली गेली. मदतनीस फ्रिट्झ निरोगी मेंदूची बरणी पाडतो व त्याऐवजी गुन्हेगाराचा सदोष मेंदू आणतो. कादंबरीत जीव दुष्ट होतो तो झिडकारला गेल्यामुळे; आपण मुळात सद्गुणी होतो, दुःखाने आपल्याला दुष्ट केले, हा त्याचा दावा आहे आणि तो मांडण्यासाठी त्याला भाषा हवी. चित्रपटाने कारण मेंदूत ठेवले, आणि मग त्याला विचारण्यासारखे काही उरले नाही. मुकेपणा व सदोष मेंदू ह्या दोन कल्पना एकमेकींस पूरक आहेत, ही गोष्ट समीक्षकांनी जितकी ध्यानात घ्यावयास हवी तितकी घेतलेली नाही.

असे असूनही त्या चित्रपटातील सरोवराचे दृश्य भाषाभ्यासकाने आवर्जून पाहावे. मारिया ही लहान मुलगी जीवास न भिता खेळावयास घेते. दोघे पाण्यात फुले टाकतात, फुले तरंगतात. फुले संपतात, तेव्हा जीव मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो. अनेक ठिकाणी सेन्सॉरने ह्या दृश्याचा शेवटचा भाग कापला होता. काही दशकांनी तो पुन्हा जोडण्यात आला. सुंदर ते तरंगते, मुलगी सुंदर आहे, अतएव तीही तरंगेल, अशी ही अतिव्याप्ती आहे. मूल प्रत्येक चतुष्पादास 'भूभू' म्हणते तेव्हा ते हीच चूक करते, आणि कोणी मोठे माणूस हसून ती सुधारते. येथे सुधारणारे कोणी नाही. भाषा नसलेल्या जीवाच्या हातून भाषिक स्वरूपाचाच अपराध घडतो, आणि प्रेक्षकास द्वेष करणे अवघड होते. मूळापासून इतक्या दूर गेलेल्या चित्रपटातील हे दृश्य मूळाच्या आशयाच्या फार जवळ आहे.

व्हेलनेच १९३५ साली काढलेल्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' ह्या चित्रपटात जीव प्रथमच बोलू लागतो. कार्लॉफला हे रुचले नव्हते. बोलण्याने पात्राची हानी होईल असे त्याचे मत होते. रानातील आंधळा तपस्वी त्याला शिकवितो : भाकर, पेय, मित्र, चांगले, वाईट. कादंबरीतील वृद्धव्यवहाराची जागा येथे अंगुलिनिर्देशाने घेतली आहे; गुरू वस्तू पुढे धरतो व नाव सांगतो. जीवाची वाक्ये दोन शब्दांची आहेत. मित्र चांगला, एकटेपणा वाईट, अशा घाटाची. ह्या वाक्यांविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. इंग्रजीत संयोजक क्रियापद गाळले की वाक्य पंगू होते, आणि वक्ता बालक, परका अथवा मंदबुद्धी आहे अशी ऐकणाऱ्याची समजूत होते. मराठीत 'मित्र चांगला' हे वाक्य धडधाकट आहे. त्यामुळे हे संवाद मराठीत शब्दशः आणले तर जीवाचे भाषिक व्यंग नाहीसे होऊन तो सूत्रमय बोलणारा साधू वाटू लागेल. व्यंग हे वाक्यात नसून त्या त्या भाषेच्या अपेक्षेत असते, ह्याचे इतके सोपे उदाहरण वर्गात देण्यासाठी शोधूनही मिळणार नाही.

१९३९ च्या पुढच्या चित्रपटात जीव पुन्हा मुका झाला. १९४२ मध्ये त्याच्या डोक्यात इगॉर ह्या पात्राचा मेंदू बसविण्यात आला, तेव्हा तो इगॉरची भूमिका करणाऱ्या बेला लुगोसीच्या आवाजात बोलला व लगेच आंधळा झाला. १९४३ च्या 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन' मध्ये स्वतः लुगोसीनेच जीवाची भूमिका केली. चित्रण झाले तेव्हा त्याला संवाद होते. प्रदर्शनापूर्वी ते सर्व कापण्यात आले, आणि त्याच्या अंधत्वाचा उल्लेखही त्यांबरोबर गेला. त्याच्या हंगेरियन उच्चारांमुळे प्रेक्षक हसतील अशी भीती वाटली, असे पटकथालेखक कर्ट सिओडमाक पुढे सांगत असे. एका दृश्यात लुगोसीचे ओठ हलताना दिसतात आणि ध्वनी येत नाही. हात पुढे पसरून चाचपडत चालणे, ज्याची नक्कल आज लहान मुलेही करतात, ते त्या नाहीशा झालेल्या अंधत्वाचा अवशेष होय. वाणी हिरावून घेण्याची क्रिया इतक्या उघडपणे दुसरीकडे कोठे दिसत नाही. शिवाय येथे वाणी गेली ती उच्चार परके होते म्हणून. द लेसीच्या झोपडीत भाषेवरून देशबांधव ठरलेल्या जीवाची ही नेमकी उलट गत झाली.

इंग्लंडमधील हॅमर कंपनीच्या १९५७ च्या रंगीत चित्रपटात लक्ष सर्वस्वी निर्मात्याकडे (पीटर कुशिंग) वळले आणि क्रिस्टोफर लीच्या जीवास पुन्हा मौन मिळाले. मेल ब्रुक्सच्या १९७४ मधील विडंबनपटात जीव शेवटी अस्खलित इंग्रजी बोलू लागतो व प्रेक्षक हसतात. ते हसू कशावर आहे हे ज्याने कादंबरी वाचली आहे त्याला किंचित कडवट वाटते, कारण विनोद म्हणून योजलेली गोष्ट हीच मूळची वस्तुस्थिती आहे. गंभीरपणे वाणी परत करण्याचे प्रयत्न त्याच सुमारास सुरू झाले. क्रिस्टोफर इशरवूड व डॉन बकार्डी ह्यांच्या १९७३ च्या दूरचित्रवाणी-रूपांतरात जीव आरंभी सुंदर असतो, बोलतो, समाजात वावरतो व हळूहळू विद्रूप होत जातो. केनेथ ब्रॅनाच्या १९९४ मधील चित्रपटात रॉबर्ट डी नीरोचा जीव झोपडीच्या भिंतीआडून भाषा शिकतो आणि ध्रुवप्रदेशातील नौकेची चौकटही परत येते. चित्रपट आक्रस्ताळा आहे. परंतु हिमगुहेत जीव निर्मात्यास प्रश्न विचारतो तेवढा भाग संयत आहे.

पेचाचे खरे उत्तर पडद्याऐवजी पुन्हा रंगभूमीनेच शोधले. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये फेब्रुवारी २०११ मध्ये निक डिअर लिखित व डॅनी बॉइल दिग्दर्शित नाटक आले. त्यात बेनेडिक्ट कंबरबॅच व जॉनी ली मिलर हे दोन नट निर्माता व जीव ह्या भूमिका आलटून पालटून करीत. वॉल्टनची चौकट डिअरने काढून टाकली आणि नाटकाचा आरंभ जीवाच्या जन्मापासून केला. पहिली कित्येक मिनिटे शब्दच नाहीत : एक उघडा देह पडद्यासारख्या आवरणातून बाहेर पडतो, धडपडतो, उभा राहतो, ध्वनी काढतो, पावसाने हर्षित होतो. मग शिव्या कानी पडतात व तो त्या उच्चारतो. मग आंधळा द लेसी भेटतो आणि शब्द, वाक्य, मिल्टन अशी शिडी प्रेक्षकासमोर चढली जाते. व्हिक्टर हिमपर्वतावर समोर येतो तोपर्यंत प्रेक्षकाचे डोळे त्या रूपाला सरावलेले असतात आणि कान त्याच्या वाणीला. कादंबरीने डोळ्यांवर हात ठेवून जे साधले, ते ह्या नाटकाने डोळ्यांना वेळ देऊन साधले. कुकने मूकाभिनयाने दाखविलेली सूर पकडण्याची धडपड येथे पहिली पायरी म्हणून येते. तेथेच थांबत नाही, इतकाच फरक, पण तो एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षांचा फरक आहे.

गिलेर्मो देल तोरोचा चित्रपट ऑगस्ट २०२५ मध्ये व्हेनिस महोत्सवात प्रथम दाखविण्यात आला. त्याने कथा दोन भागांत वाटली : आधी व्हिक्टरची हकीकत, मग जीवाची. जीवाची भूमिका करणारा जेकब इलॉर्डी पूर्वार्धात जवळजवळ एकच शब्द बोलतो, आणि तो शब्द 'व्हिक्टर' हा आहे. निर्माता त्याला मतिमंद ठरवितो, कारण तो दुसरे काही बोलत नाही. उत्तरार्धात तेच ओठ आंधळ्या वृद्धाच्या सहवासात पूर्ण भाषा बोलू लागतात, आणि आधी ऐकलेल्या एकाच शब्दात किती आर्जव भरलेले होते हे मागाहून कळते. पूर्वार्धातील मूकता ही पाहणाऱ्याच्या समजुतीतील उणीव होती असे ह्या मांडणीने सिद्ध होते. १९३१ च्या परंपरेला दिलेले हे उत्तर आहे. मात्र देल तोरोचा जीव आपल्या रूपानेही फारसा किळसवाणा नाही, आणि ही सवलत कादंबरीने स्वतःला घेतलेली नव्हती.

ह्या सर्व रूपांतरांत एक बारकावा कोणाच्याच उपयोगास आलेला नाही. द लेसीच्या प्रश्नास उत्तर देताना कादंबरीतील जीव स्पष्ट सांगतो की आपण फ्रेंच कुटुंबाकडून शिकलो व तेवढी एकच भाषा आपल्याला समजते. व्हिक्टर जिनीव्हाचा, म्हणून हिमनदीवरील संभाषण फ्रेंचमध्ये झाले असे मानावयास अडचण नाही. परंतु कादंबरीच्या अखेरीस व्हिक्टरच्या शवाजवळ उभा राहून तो जे शेवटचे दीर्घ भाषण करतो, ते इंग्रज वॉल्टनपुढे. हा वक्तृत्वाने मोह घालणारा आहे, ह्याचा विश्वास धरू नकोस, असे व्हिक्टरने वॉल्टनला आधीच बजावून ठेवलेले असते, आणि वॉल्टन ऐकताना ते आठवतोही. दोघे त्या वेळी कोणत्या भाषेत बोलले, हे लेखिकेने कोठेही सांगितलेले नाही. वाचकाने ह्याचा विचार केल्यास त्याला थबकावे लागते. रंगभूमीवर व पडद्यावर हा प्रश्न उद्भवतच नाही. तेथे जो बोलतो तो प्रेक्षकांचीच भाषा बोलतो.